लाथ मारणारा ब्रेक

ब्रेकने आपल्याला लाथ मारली, असं रंगनाथने सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही. हसायला आधी उघडी पडलेली तोंडं मिटावी लागतात. मैदानावरचे दहा-बारा जण नुसते बघत राहिले होते. पांढरीशुभ्र विलायती गाडी रिकाम्या पिंपांच्या राशीत नाक खुपसून उभी होती, आणि त्यातलं एक पिंप अजून घरंगळत कुंपणाकडे चाललं होतं.

रंगनाथ गाडीतून उतरून एका पायावर उभा होता. विंचू चावल्यासारखा त्याने उजवा पाय वर धरला होता.

"आईशप्पत सांगतो, सायेब. मी दाबला, तर त्यानं खालनं लाथ हानली. आन आत कुटंतरी शिवनाच्या मशीनवानी टरटर झालं. ब्रेक गेला म्हनून पाय उचलला, परत मारला, तर परत लाथ!"

गंधे साहेब मूळचे नगरचेच, विलायतेला शिकून आलेले इंजिनियर. ते पिंपांकडे न बघता रंगनाथच्या पायाकडे बघत होते.

"ब्रेक गेला नव्हता, रंगनाथ. तो काम करत होता. तू पाय उचललास म्हणून गाडी थांबली नाही."

रंगनाथचं तोंड पडलं. वीस वर्षांत 'तू पाय उचललास' असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

ही गोष्ट त्र्याहत्तर सालच्या फेब्रुवारीतली. नगरबाहेर गाड्यांची परीक्षा घेणारं एक केंद्र होतं, रंगनाथ तिथे ड्रायव्हर होता. लष्करी ट्रक, जीपा, कुठल्या कुठल्या गाड्या यायच्या. त्या खडकांवरून, चिखलातून, नाल्यातून घालायच्या आणि काय तुटलं ते साहेबांनी लिहून घ्यायचं. पण ही गाडी वेगळीच. विलायतेतल्या पोलिसांनी ती दोन वर्षं वापरलेली. दारांवर काळी इंग्रजी अक्षरं, टपावर निळा दिवा. अशा गाड्या तिकडेही बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या, आणि आपल्या देशात ही एकटी. मुंबईच्या बंदरातून ती ताडपत्रीत गुंडाळून आणली, तेव्हा केंद्रातल्या लोकांनी नवी नवरी बघावी तशी गर्दी केली होती.

वरून चारचौघींसारखीच मोटार. कौतुक सगळं पोटात होतं. एक तर तिची चारही चाकं ओढायची. जीपेचं ठीक आहे, पण अशी बुटकी, गुळगुळीत मोटार नदीच्या वाळूतून मांजरासारखी चढून आली तेव्हा रंगनाथने नकळत गाडीला हात जोडले होते. आणि दुसरा हा ब्रेक. साधा ब्रेक जोरात दाबला की चाकं गच्च धरतात आणि सुट्या खडीवर गाडी घसरते. मग स्टेअरिंग कितीही फिरवा, ती ऐकत नाही. या गाडीत एक यंत्र होतं. चाक गच्च होऊ लागलं की ते ब्रेक क्षणभर सोडायचं, पुन्हा धरायचं, पुन्हा सोडायचं. ते सोडणं-धरणंच पायाला खालून जाणवायचं. ड्रायव्हरने एवढंच करायचं, की पाय दाबून ठेवायचा. लाथ बसली तरी उचलायचा नाही.

सांगायला सोपं. पण रंगनाथचा पाय काही विलायतेत शिकला नव्हता. तो मिरजगावचा. बारा वर्षांचा असताना एका ट्रकवर क्लीनर म्हणून चढला तो थेट मिसरूड फुटल्यावर स्टेअरिंगवर बसला. पुढे कांद्याचे ट्रक घेऊन त्याने घाट पालथे घातले. त्याच्या उस्तादाने त्याला एकच मंत्र दिला होता, "पयला दाब भरन्यासाटी, दुसरा धरन्यासाटी, तिसरा थांबन्यासाटी." जुन्या ट्रकांचा ब्रेक एका दमात लागायचाच नाही, पाय उचलून-उचलून मारावा लागायचा. त्या मंत्राच्या जोरावर रंगनाथच्या गाडीखाली कधी कोंबडी आली नव्हती. मिरजगावच्या पारावर त्याची ओळख तशीच करून देत.

आता तोच मंत्र उलटला होता.

"पंधरा दिवसांनी रस्त्यावरची चाचणी," गंधे साहेब म्हणाले. "नगर ते मिरजगाव आणि परत. तोपर्यंत तुझा पाय शिकला तर तू, नाहीतर मी दुसरा ड्रायव्हर बघतो. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट वाटून घेऊ नकोस! स्वतःच्या गावात, पारासमोरून ही गाडी दुसऱ्याच कुणी न्यायची? रंगनाथला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

सावेडीत तेव्हा बरीचशी शेतंच होती, अधूनमधून घरं. त्यातल्या दोन खोल्यांत रंगनाथ आणि मनकर्णा राहत. मनकर्णाने सगळं ऐकून घेतलं, भाकरी उलटली आणि विचारलं, "म्हंजी खालनं कुनी ढकललं तरी पाय हलू द्यायचा न्हाई, एवढंच ना?"

"एवढंच. पन पाय ऐकत न्हाई ना."

"त्याला मी ऐकायला लावते."

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर तिने नवऱ्याला अंगणात पाटावर बसवलं, भिंतीला टेकवलं, आणि स्वतः समोर मुसळ आडवं धरून बसली. रंगनाथने तळव्याने मुसळ दाबायचं, आणि मनकर्णाने मनाला येईल तेव्हा दणका द्यायचा. पहिल्या दणक्याला पाय उडाला, दुसऱ्याला उडाला. दहाव्याला मनकर्णा म्हणाली, "आवं, वीस वर्सं माझं बोलनं सोसलं, यवढं लाकूड सोसंना व्हय?"

शेजारच्या राहीबाईने कुंपणावरून डोकावून पाहिलं आणि तिचे डोळेच पांढरे झाले. "आगं बया! मनकर्णे, नवऱ्याला मुसळानं हानतीस?"

"शाळा घेतीया त्यांची," मनकर्णा म्हणाली. "तुमचे बी धाडा. जागा हाय."

आठ दिवसांत तळपाय काळानिळा झाला, पण उडायचा थांबला. बाराव्या दिवशी मैदानावर, ओल्या खडीवर, रंगनाथने गाडी सोडली आणि ब्रेकवर पाय रोवला. लाथ बसली. टरटर झाली. पाय जागचा हलला नाही. आणि गाडी दोरीने बांधल्यासारखी सरळ रेषेत येऊन उभी राहिली. रंगनाथ आत तसाच बसून राहिला. एवढ्या आयुष्यात खडीवर गाडी अशी थांबलेली त्याने पाहिली नव्हती. गंधे साहेबांनी दार उघडून नुसता त्याचा खांदा दाबला.

चाचणीच्या दिवशी गाडीमागून सामानाचा एक ट्रक जायचा होता. त्यावर मच्छिंद्र, मनकर्णाचा धाकटा भाऊ. तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, गाडीवर हात चांगला. तीन महिन्यांपूर्वी रंगनाथने शब्द टाकून त्याला केंद्रात कामाला लावलं होतं. अजून कायम झाला नव्हता. निघण्याआधी गंधे साहेब रंगनाथला म्हणाले, "मच्छिंद्रला नीट बजाव. मागे निदान दोनशे पावलं राहायचं. या गाडीला कुणी चिकटायचं नाही."

"व्हय, सायेब," रंगनाथ म्हणाला.

आणि ट्रकजवळ जाऊन त्याने काय सांगावं? "मच्छिंद्र, धुरळा लई आसतो, आन मधी बैलगाड्या घुसत्यात. माझा पिच्छा सोडू नगं. शेपटीला शेपटी लावून चल."

"व्हय, दाजी."

साहेबांचं बोलणं त्याने कानाआड टाकलं, ते काही उर्मटपणाने नव्हे. पुस्तकातली माणसं जरा जास्तच सांभाळून बोलतात, एवढंच त्याला वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्याच्या मनात मिरजगावचा पार होता. पुढे निळ्या दिव्याची पांढरी गाडी, मागे तिला चिकटून ट्रक, असा लवाजमा गावात शिरावा! एकटी गाडी गेली तर लोक बघतील. दोन गेल्या तर उठून उभे राहतील.

रुईछत्तीशी मागे पडली. दोन्ही बाजूंची रानं भाजलेल्या पापडासारखी झाली होती. त्या वर्षी पिकलं काहीच नव्हतं. जागोजागी दुष्काळी कामं चालू होती, रस्ता रुंद करायचा, खडी फोडायची. माणसंच माणसं, बायाच जास्त. गाडीत गंधे साहेब शेजारी वही घेऊन बसले होते. त्यांनी टपावरचा दिवाही लावायला सांगितला होता. विजेची जोडणी धक्क्यांनी सुटते का, ते बघायचं होतं.

मिरजगाव चार-पाच कोस राहिलं असेल. पुढे वळणाच्या अलीकडे खडीचे ढीग, आणि त्यांच्या आडून बाया उठताना दिसल्या. आधी पाच-सहा, मग वीस-पंचवीस. हातातले हातोडे टाकून त्या रस्त्याकडे पळत होत्या.

"मंत्री आलं! मंत्री आलं गंऽऽ!"

पांढरी गाडी, वर फिरता दिवा, मागे दुसरी गाडी. अजून काय पाहिजे? दुष्काळ बघायला मोठी माणसं अशीच यायची आणि काच खाली न करता जायची. या वेळी जाऊ द्यायचं नाही, असं बायांनी जणू ठरवूनच ठेवलं होतं. सगळ्यांच्या पुढे एक पन्नाशीची बाई होती, लंकाबाई. तिने रिकामी घागर दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरली आणि ती सरळ रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली.

काटा पन्नास मैलांवर होता. खाली नुकती पसरलेली सुटी खडी.

रंगनाथचा पाय ब्रेकवर गेला, आणि लाथ बसली. पुढचं त्याला नीट आठवत नसे. टरटर ऐकू आली. घागरीचं काळं तोंड मोठं मोठं होत गेलं. पाय तिथेच होता. त्याने स्टेअरिंग डावीकडे घेतलं आणि गाडीने ऐकलं! ब्रेक दाबलेला असताना, खडीवर, गाडी डावीकडे वळली आणि थांबली. लंकाबाई उजव्या खिडकीशी होती. हात बाहेर काढला असता तर तिच्या लुगड्याला लागला असता.

मिळून एक श्वास गेला असेल. त्या एका श्वासात रंगनाथला वाटलं, जिंकलो.

मग मागून आभाळ कोसळल्यासारखा आवाज झाला.

गाडीला मागून धडक बसली, ती पुढे फेकली गेली आणि खडीच्या ढिगावर चढून तिरकी उभी राहिली. काचा अंगावर आल्या. रंगनाथने मान वळवली तेव्हा मागची डिकी मागच्या बाकापर्यंत आत आली होती. त्या पलीकडे ट्रक आडवा होऊन बाभळीवर आदळलेला, आणि त्याच्या केबिनमधून मच्छिंद्रचं ओरडणं.

बाया जागच्या जागी थिजल्या होत्या. एकीनेही हंबरडा फोडला नाही. लंकाबाई रस्त्यात तशीच उभी, घागर अजून डोक्यावर. गंधे साहेब कसेबसे उतरले, कपाळातून रक्त येत होतं. ती त्यांच्याकडे बघत, समोर काय झालंय ते न कळल्यासारखी, पाठ केलेलं बोलून गेली, "सायेब, चार दिस झालं, टँकर न्हाई आला वो."

"बाई, मी मंत्री नाही," गंधे साहेब म्हणाले.

लंकाबाईच्या हातून घागर सुटली. मग मात्र ती मटकन खाली बसली, आणि मग धावलीही तीच सगळ्यात आधी, ट्रककडे. मच्छिंद्रला बाहेर काढलं ते त्या बायांनीच. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला होता.

नवव्या दिवशी गंधे साहेबांनी रंगनाथला खोलीत बोलावलं. कपाळावर पट्टी, पुढ्यात टंकलेला कागद.

"बस. तुझ्याविषयी चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. "मी शेजारी होतो, मी पाहिलं. पाय हलला नाही. एक जीव वाचला. गाडी परत पाठवावी लागेल, पण ते यंत्र काय करू शकतं ते सिद्ध झालं. वर्षभरात दुसरी गाडी येईल, तिच्यासाठी तुझंच नाव घातलंय."

रंगनाथ उभाच राहिला. "आन मच्छिंद्र?"

"मागच्याने अंतर राखलं नाही. धडक मागच्याचीच चूक असते. त्याला ठेवता येणार नाही. तू नीट बजावलं होतंस ना? मी त्याला दवाखान्यात विचारलं. तो म्हणाला, चूक माझीच."

मच्छिंद्रने नाव घेतलं नव्हतं! गेले आठ दिवस तो याचीच वाट बघत होता, की मच्छिंद्र बोलेल, साहेब बोलावतील, विचारतील. दवाखान्यात जाऊन तो रोज खाटेशी बसायचा, मोसंबी सोलायचा आणि न सांगताच परत यायचा. आणि तिकडे पोराने बहिणीच्या कुंकवाकडे बघून सगळं स्वतःवर घेतलं होतं.

कागद समोर होता. काही न बोलता मान हलवली असती तरी पुरलं असतं.

"सायेब," तो म्हणाला, "त्याला मीच सांगितलं हुतं चिकटून ऱ्हा म्हनून."

गंधे साहेबांनी चष्मा काढला. "काय?"

"तुमी दोनशे पावलं म्हनाला. मी त्याला म्हनलं, शेपटीला शेपटी लाव. गावात रुबाबात जायचं हुतं मला. दोन गाड्या बघून त्या बाया बी फसल्या. पंधरा दिस मी माझ्या पायाला शिकवत बसलो. आपली गाडी जागच्या जागी थांबनार हाय, पन मागची जुनीच हाय, ह्ये ध्यानातच आलं न्हाई बगा."

गंधे साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. रागावलेल्या माणसाचा चेहरा लाल होतो. हा वेगळा होता.

"हे तू आत्ता सांगतोस?"

"व्हय."

"मला हे लिहावं लागेल. लिहिलं की तुला चाक देता येणार नाही. ना ती गाडी, ना दुसरी कुठली."

"लिवा, सायेब."

साहेबांनी कागद उचलला, दोन तुकडे केले आणि टंकयंत्रात नवा घातला. रंगनाथ बाहेर आला तेव्हा मागे टकटक सुरू झाली होती.

तो तडक दवाखान्यात गेला. मनकर्णा भावाशेजारी बसून डब्यातली भाकरी कुस्करत होती. मच्छिंद्रचा पाय प्लॅस्टरमध्ये, वजन लावून वर टांगलेला. रंगनाथने दोघांसमोर एका दमात सगळं सांगून टाकलं, साहेबांच्या दोनशे पावलांचं, शेपटीचं, रुबाबाचं, फाडलेल्या कागदाचं. मनकर्णाचा हात भाकरीतच थांबला. तिने नवऱ्याकडे असं पाहिलं की रंगनाथने नजर खाली घातली.

"तू माझं नाव राखलंस," तो मच्छिंद्रला म्हणाला, "पन मला न्हाई राहवलं."

"कशाचं नाव?" मच्छिंद्र म्हणाला.

"मी चिकटून ऱ्हा म्हनलो त्ये. सायबाला न्हाई सांगितलंस ना."

मच्छिंद्र त्याच्याकडे बघतच राहिला. "त्यात काय सांगायचं? चिकटून तर आपुन नेहमीच चालवतो की. मला वाटलं, माझाच पाय मेला. तीन डाव मारला ब्रेक, बरुबर मारला, पन तुमची गाडी तर म्होरं भिंत उगवल्यावानी हुभी! म्हनलं, आपल्याला दिसलंच न्हाई वेळंवर. डोळं गेलं आपलं, न्हाईतर डोस्कं. आठ दिस झालं मी छताकडं बघून ठरवतोय, आता जल्मात स्टेरिंगला हात लावायचा न्हाई. लेकरं मारील मी कुनाची तरी." त्याचा आवाज चढला. "आन तुमाला ठावं हुतं? दोनशे पावलं लागत्यात म्हनून सायेब बोलला हुता? आन तुमी रोज हितं येऊन मोसंबी सोलत बसला?"

शेजारच्या खाटांवरचे रोगी उठून बसले. मच्छिंद्रने आयुष्यात पहिल्यांदा दाजीला शिव्या घातल्या. आईवरून नाही, पण बाकी सगळ्या. रंगनाथ खाटेचा गज धरून उभा राहून ऐकत होता. मनकर्णाने भावाला थांबवलं नाही. नवऱ्याला तर मुळीच सावरलं नाही. तिने फक्त डबा बाजूला ठेवला आणि पदराने डोळे पुसले.

मच्छिंद्र दमला. मग तो म्हणाला, "म्हंजी माझा ब्रेक लागला हुता."

"लागला हुता. तिन्ही डाव. रस्त्यावर तुज्या चाकांच्या खुना मी मोजल्यात. तू येळंवरच दाबला. अंतर न्हवतं."

"किती हुतं?"

"बारा पावलं. जास्तीत जास्त पंधरा."

मच्छिंद्रने डोळे मिटले. दुखणं थांबलेल्या माणसाचा चेहरा सैल पडावा तसा त्याचा चेहरा सैल पडला. मग डोळे न उघडताच तो बोलला, आणि आवाज अजून कडकच होता.

"बसा खाली. रुईछत्तीशीपासनं सांगा. बाया कुटं दिसल्या, तुमी पाय कवा ठिवला, समदं सांगा. आन ह्या खेपंला काय बी गाळू नगा."

रंगनाथ स्टुलावर बसला आणि सांगू लागला.